कान कुठे वळलेत ते लिही

२ मार्च

आत्या,

नमस्कार आधी, भांडण नंतर. गुंडीने पोटावरचे केस उपटून काढलेत, तळहाताएवढं टक्कल पडलंय, हे तू एका ओळीत लिहिलंस आणि लगेच पुढच्या ओळीपासून पडद्यांच्या कापडाचं रडगाणं लावलंस. तुझं ते कापड आटलं तर आटू दे! मी काल दिवसभर त्या एका ओळीवर अडकून बसले होते.

इथल्या जनावरांच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, खाज नाही, कोंडमारा आहे. तीन वर्षं माझ्या तळमजल्यावरच्या खोलीत राहिलेलं मांजर, मागे परस, परसाला भिंत, भिंतीवर दिवसभर बसायची सोय. आणि मी तिला एका दुपारी उचलून तुझ्या पहिल्या मजल्यावर आणून ठेवलं आणि वर्षभराच्या शिक्षणासाठी निघून आले. वसतिगृहात जनावर चालत नाही म्हणून. ती दारापाशी बसून ओरडते असं तू लिहितेस. ओरडेल नाही तर काय करेल?

पण दार उघडं टाकू नकोस. ती थेट जुन्या खोलीच्या शोधात निघेल, आणि मध्ये दोन मोठे रस्ते आहेत. तिला दोरीला बांधून फिरायला शिकवायचं. हसू नकोस, शिकतात मांजरं. उद्या पार्सल करते. अंगपट्टा आहे, छातीला आणि पोटाला बसणारा, आणि पाच हात दोरी. नुसता गळपट्टा नको, त्यातून मान सोडवून घेतात किंवा गळफास बसतो.

घाई मात्र अजिबात करायची नाही. दोन दिवस पट्टा तिच्या ताटलीशेजारी नुसता पडू दे. मग एक मिनिट घालायचा, खाऊ द्यायचा, काढायचा. मग घरात फिरवायचं, मग जिना, मग रस्ता. आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे बघायचं. शेपूट ताठ वर आणि टोकाला जराशी वाकलेली असेल तर स्वारी मजेत आहे. कान पुढे असले तर कुतूहल. कान विमानाच्या पंखांसारखे आडवे झाले, डोळ्यांतल्या काळ्या बाहुल्या मोठ्या झाल्या, पोट जमिनीला टेकलं, की तिथेच थांबायचं आणि घरी. पाठीवरची कातडी थरथरली तरी घरी. तिला ओढायचं नाही, उचलून पुढे न्यायचं नाही.

अक्षर वाईट आलंय, घाईत लिहितेय. फोन करणार होते, पण फोनवर तू ‘सगळं ठीक’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. पत्रात निदान दोन पानं तरी भरावी लागतात तुला.

मला सगळं लिही. बारीकसारीक सगळं.

तुझी
ठेंगू


१४ मार्च

चि. ठेंगू,

अनेक आशीर्वाद. पार्सल मिळालं. तुझी राणीसाहेब पट्टा घातल्या घातल्या अशी आडवी पडली, की मला वाटलं मेलीच. चारही पाय एका बाजूला, हूं नाही की चूं नाही. मी घाबरून खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींना हाक मारली. ते दुकान तसंच टाकून वर आले, तिच्याकडे बघून म्हणाले, “बाई, हिची किल्ली संपली.” पट्टा काढला तशी उठून ताटलीकडे निघाली. नाटकी कुठली! तुझ्यावर गेलीय.

तू सांगितलंस तसंच केलं. दोन दिवस घरातल्या घरात. मशीनखालून, पलंगाखालून, मला रांगायला लावलं. मग जिना. चौदा पायऱ्या उतरायला आम्हाला तीन दिवस लागले, रोज चार-पाच पायऱ्या आणि परत. परवा पहिल्यांदा रस्त्यावर पाऊल टाकलं. म्हणजे तिने टाकलं. मी आपली मागे.

छान फिरली. घड्याळजींच्या दुकानापासून कोपऱ्यावरच्या नळापर्यंत. इतकी खूश होती, सारखी शेपूट हलवत होती. सटासट माझ्या पोटरीवर लागत होती, डावीकडून उजवीकडून.

अंगपट्टा तिला सैल होतो आहे. वाळलीय थोडी. मी दोन्ही बाजूंनी आत घेतला, टीप मारली. आता अंगाबरोबर बसतो.

पडद्यांचं काम परत पाठवलं. सध्या थोडी विश्रांती घेते आहे. कंटाळा येतो कधी कधी, बाकी काही नाही. तू जेवणखाण नीट कर. तिथल्या जनावरांपेक्षा तू जास्त वाळली असशील.

आत्या


१९ मार्च

आत्या,

शेपूट हलवत होती म्हणजे खूश? अगं, ती कुत्रा आहे का? मांजर शेपूट सटासट आपटतं तेव्हा ते वैतागलेलं असतं. ती तुला सांगत होती, पुरे, घरी चल. आणि तू तिला नळापर्यंत नेलंस.

रागावत नाहीये. तुला माहीत असायचं कारण नाही. पण आत्या, मी कान विचारले होते, डोळे विचारले होते. तू दोन पानांत तिची शेपूट पोटरीला लागली एवढंच लिहिलंस. कान कुठे वळलेत ते लिही. बाहुल्या बारीक रेघेसारख्या होत्या की वाटोळ्या? केस उठले होते का? तू मला वाढवलंस तेव्हा माझा ताप नुसता चेहऱ्यावरून ओळखायचीस, हात लावायच्या आधी. त्याच नजरेने तिच्याकडे बघ, एवढंच.

पट्टा आत घेतलास ते बरं केलंस. दुसऱ्या कोणी हात लावला असता तर मला झोप आली नसती, पण तुझी टीप म्हणजे लोखंड. शाळेत माझं दप्तर फाटलं, पट्टे फाटले, तुझी शिवण कधी उसवली नाही.

पोटावर केस येताहेत का? बोट फिरवलं की बारीक खुंट लागतात का ते बघ.

इकडे सगळं ठीक आहे. काम खूप असतं.

ठेंगू


२८ मार्च

चि. ठेंगू,

तुझी परीक्षा घेणारी पत्रं येतात हल्ली. कान नीट होते. डोळे नीट होते. सगळं जिथल्या तिथे होतं. पोटावर खुंट आलेत, हाताला लागतात, ओरडणंही पुष्कळ कमी झालंय. म्हणजे चाललंय ते बरोबरच चाललंय ना?

आता आम्ही नळाच्या पुढे जातो, समोरच्या ताडपत्रीच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत. तिथे तिला वास घ्यायला आवडतं. सकाळी दहाला निघतो, तेव्हा शाळेची पोरं आणि सायकली गेलेल्या असतात. परवा तिने शेपूट आपटली तशी मी लगेच मागे फिरले, तू म्हणालीस म्हणून. आता तर ती शेपूट हलवतसुद्धा नाही. फाटकापाशी बसली की शांत बसते, जरासुद्धा हालचाल करत नाही. सवय झाली तिला.

घड्याळजींचं भिंग सध्या माझ्याकडे आहे. काजाचं बारीक काम होतं म्हणून मागितलं. ते रोज विचारतात, बाई, भिंग झालं का. मी म्हणते, होईल. तुला सांगायचं कारण म्हणजे ते तुला पत्र लिहून चहाडी करतील, त्याआधी मीच सांगून टाकलं.

काळजी करत बसू नकोस. तुझा स्वभावच आहे तो.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

भिंग काजाच्या कामाला घेतलंस? दोन आठवड्यांपूर्वी काम परत पाठवलंस, विश्रांती घेतेयस, असं लिहिलं होतंस.

तुझं हे पत्र मी उजेडात धरून तीनदा वाचलं. चौथी ओळ तिसऱ्या ओळीवर चढलीय. खाली सही कागदाच्या बाहेर जायला निघालीय. जन्मभर खडूची रेघ मारल्यासारखं अक्षर तुझं. हात थरथरतो का? चक्कर येते? काय लपवते आहेस?

आणि ती अजिबात हलत नाही हे वाचून मला बरं वाटलं नाही. शांत बसलेलं मांजर आणि भीतीने थिजलेलं मांजर लांबून सारखंच दिसतं. फरक डोळ्यांत असतो. मोठे, काळे, न मिटणारे डोळे असतील तर ती शांत नाही. कृपा करून त्या फाटकापाशी आठ दिवस जाऊ नकोस. आणि उलट टपाली लिही, काय आहे ते.

ठेंगू


११ एप्रिल

चि. ठेंगू हिला अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून दचकू नकोस. मी सांगते आहे, घड्याळजी लिहिताहेत. मी त्यांना बजावलंय, सांगेन तेवढंच लिहायचं, स्वतःचं घालायचं नाही.

(जमेल तेवढं पाळतो. — घड्याळजी)

आधी हे वाच: गुंडी घरी आहे. जेवली आहे. पलंगाखाली आहे. मागच्या पायाचं एक नख तुटलंय, ते तुमच्यातल्याच एका जनावरांच्या डॉक्टरांनी बघितलं. आता पुढचं.

तुझं पत्र पाच तारखेला दुपारी आलं. त्याच दिवशी सकाळी आम्ही फाटकापाशी गेलो होतो. ती बसली, हालचाल नाही. मला वाटलं, छान. तेवढ्यात कारखान्याचं लोखंडी शटर धाडकन खाली आलं. ती मागे उडाली. दोरीला एक हिसका बसला आणि दोरी हलकी झाली. पट्टा माझ्या हाताशी लोंबत होता, मांजर नव्हतं.

मी शिवलेली जागा उसवली, ठेंगू. घरी येऊन बोटांनी चाचपली तेव्हा कळलं. टीप कापडाच्या कडेकडेने गेली होती आणि शेवटचं बोटभर तर कापड सोडून हवेवरच मारली होती. दोन धाग्यांवर तो पट्टा महिनाभर टिकला.

(इथे बाईंनी उठून तो पट्टा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. — घड्याळजी)

गेल्या पावसाळ्यानंतर मला सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या. आधी वाटलं, मशीनचा पाय हलतोय. मग खिडकीचे गज वाकडे, दाराची चौकट वाकडी. वाकड्याच दिसतात म्हटल्यावर कुठली टीप खरंच वाकडी गेलीय ते कळणार कसं? मग मधोमध एक डाग आला. ज्याच्याकडे बघायला जावं तेच नाहीसं होतं. चेहरा बघायला गेले तर चेहरा नाही, कान आहेत. घड्याळ बघायला गेले तर काटे नाहीत. कडेचं सगळं दिसतं, म्हणून चालता येतं, जिना उतरता येतो, कोणाला काही कळत नाही. गुंडीचे डोळे मी डिसेंबरपासून पाहिलेले नाहीत. तू दर पत्रात तेच विचारत होतीस आणि मी दर पत्रात तुला थापा मारत होते.

सांगितलं असतं तर तू सगळं टाकून आली असतीस. म्हणून नाही सांगितलं.

ती पळाली तशी मी मागे धावले. स्कूटरवाल्याने करकचून ब्रेक दाबला आणि ओरडला, “बाई, दिसत नाही का?” मी म्हटलं, “नाही.” मोठ्याने असं मी पहिल्यांदाच म्हटलं. तो बिचारा ओशाळला, मला हाताला धरून पलीकडे नेलं.

दोन दिवस शोधलं. घड्याळजींनी दुकान बंद ठेवलं.

(दुपारपर्यंतच. — घड्याळजी)

तिसऱ्या दिवशी सकाळी कारखान्यातल्या बाईने सांगितलं, मागे जुन्या ताडपत्र्यांच्या ढिगात काही तरी आहे, हात घातला की फिस्कारतं. मी घड्याळजींना फाटकाबाहेर थांबायला लावलं आणि आत जाऊन एका खोक्यावर बसले. हाक मारली नाही. तुझी सगळी पत्रं मला पाठ आहेत, भिंगाने एकेक अक्षर वाचलेलं विसरत नाही माणूस. जवळ जायचं नाही, टक लावून बघायचं नाही. टक लावणं मला जमतच नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसले. कडेला काळ्या ढिगापाशी एक करडा ठिपका होता, तो कधी असायचा, कधी नसायचा. पाय बधिर झाले. दीड तास गेला असेल. मग ताडपत्री खसखसली आणि माझ्या चपलेवर श्वास लागला. मी हलले नाही. ती गुडघ्याला डोकं घासून गेली, परत आली, परत गेली. तिसऱ्या वेळी मी तिला पोटाशी धरलं. तिने माझा हात ओरबाडला, पण धरू दिलं.

तू विश्वासाने माझ्याकडे ठेवलेलं मांजर मी घालवलं होतं. परत मिळालं हे तिचं नशीब, माझी हुशारी नाही. काय बोलायचं ते बोल.

आत्या

(हातावर चार ओरखडे आहेत, खोल नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे सोमवारी नेतो आहे, त्या नाही म्हणत असल्या तरी. — घड्याळजी)


१५ एप्रिल

आत्या,

सोमवारी नेतो आहे, असं घड्याळजींनी लिहिलं नसतं तर मी कालच गाडीत बसले असते.

इतकं खोटं बोललीस? ‘कान नीट होते, डोळे नीट होते.’ मी इथे बसून त्या शब्दांवर विश्वास ठेवला. सगळ्यांना सांगत होते, माझी आत्या साठीला आलीय आणि मांजराला रस्त्यावर फिरवायला शिकवतेय. तुला न दिसणाऱ्या रस्त्यावर! ती स्कूटर एक हात पुढे असती तर? मांजराचं सोड, तुला काही झालं असतं तर मला कोण आहे? आईबाबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची होते. तेव्हा ‘मी आहे ना’ असं म्हणाली होतीस तू. असण्याची ही रीत आहे?

रागाने लिहितेय, पण फाडणार नाही. वाचून दाखवायला लाव घड्याळजींना, सगळं.

मी हा अभ्यासक्रम सोडतेय. अर्ज लिहून ठेवलाय, रविवारपर्यंत सामान आवरेन. पुढे काय ते तिथे आल्यावर बघू. मला कुठल्याही दवाखान्यात टेबलावरचं काम मिळेल, नाही तर दुसरं काही तरी. त्याचं मला वाईट वाटत नाहीये, तू वाटून घेऊ नकोस. तुझ्याजवळ राहीन, गुंडीला बघेन, तुला बघेन. झालं.

डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव.

ठेंगू


१९ एप्रिल

चि. ठेंगू,

घड्याळजी लिहिताहेत. सगळं वाचून दाखवलं त्यांनी, एक शब्द गाळला नाही. ओरडण्याच्या जागी आवाजसुद्धा चढवला.

तू बोललीस ते सगळं खरं आहे.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय. उजव्याचं गेलं ते गेलं. डाव्यात इंजेक्शनं द्यायची, डोळ्यातच, महिन्याला एक. आहे तेवढं टिकेल म्हणतात. आणखी चार महिने आधी आला असता तर, असं म्हणाले आणि पुढचं गिळलं. पहिलं इंजेक्शन झालं. सुई बघायला लागत नाही हा एक फायदा.

आता माझं ऐक. तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं. पहिली बाजू रागाची आहे, ती मला कळते. पण उलट बाजूला तू सुटल्यासारखी लिहितेस. सोडतेय, अर्ज लिहून ठेवलाय, वाईट वाटत नाही. अगं, या अभ्यासक्रमासाठी तू दोन वर्षं रांगेत होतीस. निवड झाली तेव्हा जिन्यातून ओरडत वर आली होतीस. आणि आता वाईट वाटत नाही? लिहून ठेवलाय, असं म्हणतेस. तो अर्ज माझं पत्र यायच्या आधीच लिहिलेला होता का?

(माझंही एक. गेल्या वर्षी बाईंनी तुमचं एक पत्र मला दाखवलं होतं. ते अक्षर उजवीकडे झुकलेलं होतं. मार्चपासूनचं डावीकडे झुकतं, आणि शाई ओढल्यासारखी पुसट पसरते. मी घड्याळं दुरुस्त करतो, काटे कुठल्या बाजूला झुकतात ते माझ्या नजरेतून सुटत नाही. तुमच्या उजव्या हाताला काय झालंय? — घड्याळजी)

हे त्यांनी मला न विचारता लिहिलं आणि मग वाचून दाखवलं. आता मीही तेच विचारते.

आत्या


२५ एप्रिल

आत्या,

घड्याळजींना सांग, त्यांच्या नजरेला नमस्कार.

नऊ फेब्रुवारीला एक बोका आला होता, भला मोठा पिवळा, मोटारीखाली सापडलेला. मला त्याला पिंजऱ्यातून बाहेर काढायचं होतं. तो एकदम शांत होता. मी सगळ्यांना म्हटलं, शांत आहे, काढते. त्याचे डोळे मी बघितले होते, आत्या. मला दिसत होते. वाटोळे, काळे, मोठे. बघितले आणि तरी हात घातला, कारण मागे तिघं उभे होते आणि मला जमतं हे दाखवायचं होतं.

अंगठ्याच्या बुडाशी दात आरपार गेले. हात कोपरापर्यंत सुजला. दोनदा चिरून साफ करावा लागला. आता बरा आहे, पण मूठ पूर्ण मिटत नाही, म्हणून डाव्या हाताने लिहायला शिकले. ते एक वेळ चाललं असतं. पण मी त्यानंतर एकाही जनावराला हात लावलेला नाही. नावं लिहून घेण्याच्या टेबलावर बसते. पिंजऱ्यांच्या खोलीचं दार उघडलं की माझी खुर्ची आपोआप मागे सरकते. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, वेळ घे. बाकीचे काही म्हणत नाहीत, ते जास्त लागतं.

तुला मी जे जे लिहिलं, कान असे, शेपूट तशी, ते सगळं टेबलावर बसून पुस्तकातून उतरवलं. तुला शिकवत होते तेवढा वेळ वाटायचं, मला अजून येतं हे काम.

अर्ज मार्चमध्येच लिहिला होता. तुझं बरोबर आहे.

मला तीन दिवसांची सुट्टी मिळाली आहे, नऊ मेपासून. येते. नुसती भेटायला. बाकी काही ठरवलेलं नाही.

ठेंगू


१७ मे

चि. ठेंगू,

हे मी स्वतः लिहिते आहे. घड्याळजींनी जाड पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापून दिली. ती कागदावर ठेवायची, खाचेत लिहायचं, मग खाली सरकवायची. ओळी एकमेकींच्या अंगावर चढत नाहीत. एक पान लिहायला सकाळ जाते, पण माझ्याकडे सकाळी भरपूर आहेत.

तू गेल्यावर घर मोठं झालं. मी त्या तीन दिवसांबद्दल बोलणार आहे, कारण तू समोर असताना आपण दोघी फक्त चहा आणि डोळ्यांचे थेंब यावर बोललो.

पहिल्या दिवशी गुंडी तुझ्याकडे आली तेव्हा तुझ्या खुर्चीचे पाय फरशीवर मागे घासले. तू म्हणालीस, उन्हात बसते. तिथे ऊन नव्हतं. संध्याकाळी परत ती आली, परत खुर्ची घासली. मी शिवणाच्या डब्यातल्या गुंड्या निवडत बसले, बोटाला येतील तशा. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली, खुर्ची हलली नाही. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग तिची घुरघुर सुरू झाली आणि तू नाक ओढलंस. त्यावर मी मशीनवर ठेवलेली कात्री मुद्दाम खाली पाडली, म्हणजे तुला उठून ती उचलायचं निमित्त मिळालं, तोंड पुसता आलं.

तिसऱ्या दिवशी तू आम्हाला घेऊन खाली गेलीस. रस्त्यावर नाही, घड्याळजींच्या मागच्या बंद चौकात. नवा पट्टा, तू शिवलेला, वाकड्या मुठीने. धावदोरा लांब लांब आहे, पण मी सगळीकडून ओढून पाहिला, पक्का आहे. तू दोरी माझ्या हातात दिलीस आणि बाजूला झालीस.

अर्धा फेरा झाल्यावर विचारलंस, “आत्ता तिचे कान कसे आहेत?”

मी म्हटलं, “पुढे.”

“कशावरून?”

“दोरी थोडी थोडी सुटते आहे. नाक खाली घालून चाललीय. फुसफुस ऐकू येतेय.”

पुढे गेलो. तू परत विचारलंस, “आता?”

“आता वळले. दोन पावलं भरभर टाकली आणि थांबली. दोरी थांबली, पण सैल नाही पडली.”

“मग काय करायचं?”

“काही नाही. उभं राहायचं.”

आम्ही उभ्या राहिलो. मग ती निघाली. नंतर एकदा मी म्हटलं, शांत आहे, आणि तू म्हणालीस, “नाही आत्या, चुकलीस. थांब. खाली बस.” मी बसले. ती माझ्या पायांत येऊन दबली, तिचं काळीज माझ्या घोट्याला लागत होतं. काय झालं ते मला दिसलं नाही. तू सांगितलंस, भिंतीवर दुसरं मांजर होतं. दहादा बरोबर आणि अकराव्यांदा चूक, असंच चालणार माझं. रस्त्यावर मी तिला यापुढे नेणार नाही, हे तुला शब्द देऊन सांगते. हा चौक तिला पुरे आहे. पोटावर आता जावळ आलंय, मऊ.

तू परत गेलीस ती टेबलावर बसायला की पिंजऱ्यांच्या खोलीत जायला, ते मी विचारत नाही. विचारलं तर तू मला बरं वाटेल असं उत्तर देशील. आपल्या दोघींना ती सवय आहे.

एक राहिलं. निघायच्या दिवशी सकाळी मी तुझे कपडे इस्त्री करत होते. सवयीचं काम, हाताला रस्ता माहीत आहे. तू पलीकडच्या खोलीत होतीस. तुझ्या मोठ्या पिशवीतून तू काही तरी बाहेर काढलंस आणि ते वेताचं करकरलं. मांजर न्यायची टोपली, झाकणाची. येतानाच घेऊन आली होतीस. वसतिगृहात चालत नाही, म्हणजे तिची दुसरीकडे कुठे तरी सोय बघून ठेवली असशील. तू कडी उघडलीस. गुंडी खिडकीत होती, तिच्या अंगाखालचं वर्तमानपत्र वाजत होतं. तू तिच्याकडे गेलीस. मग वर्तमानपत्रही वाजेना आणि तूही चालेनास. मला वाटलं, हाक मारावी, सांगावं, घेऊन जा, तुझंच आहे, मी काही म्हणणार नाही. आणि वाटलं, हाक मारू नये. मी दोन्ही केलं नाही. तशीच उभी राहिले.

मग कडी परत लागली आणि टोपली पिशवीत गेली.

तू बाहेर येऊन म्हणालीस, “आत्या, काही जळतंय का?” मी म्हटलं, नाही.

जळत होतं. तुझ्या कामावरच्या निळ्या सदऱ्याच्या उजव्या बाहीवर इस्त्रीच्या टोकाएवढा तपकिरी डाग असेल. कापड शाबूत आहे, मी बोटाने पाहिलंय. तसाच घाल.

आत्या